वालधुनीचे पाणी आणि वलांडीवरचा बोंबील

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत एक तक्रार ठरल्यासारखी ऐकू येते : मासळी महागली, पूर्वीसारखी मिळेनाशी झाली आणि मिळते ती बोटभर. तक्रार खोटी नाही. खोटे आहे ते तिच्या पाठोपाठ येणारे उत्तर. ‘समुद्रातच मासळी राहिली नाही, त्याला कोण काय करणार?’ असे म्हणून आपण पिशवी उचलतो आणि घराची वाट धरतो. जणू मासळी ही पावसासारखी आभाळातून पडते आणि ती न पडल्यास दोष कोणाचाच नसतो! हे सोयीचे उत्तर खोडून काढावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. समुद्राने आपला धर्म सोडलेला नाही. किनाऱ्यालगतचा, आपल्या ताटाशी सर्वांत जवळचा जो पाण्याचा पट्टा, तो दोन्ही बाजूंनी ओरबाडला जात आहे. आणि त्यांतील एक बाजू उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून सुरू होते.

कॅम्प पाचमध्ये समुद्र कुठून आला, असे कोणी विचारील. आपले शहर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवर उभे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित बांधव येथील बराकींत राहिले आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव नदीचे घेतले. पण ही नदी पुढे कोठे जाते, हे विचारणे मात्र आपण सोडून दिले. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली वालधुनी अकराव्या शतकातील प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत, आपल्या वस्त्यांमधून वाट काढीत कल्याणजवळ तिला मिळते. तेथून पुढे खाडीचे राज्य. ही खाडी ठाण्याच्या उत्तरेकडून घोडबंदरावरून वळते आणि एका हाताला वसईचा किल्ला व पाचूबंदर, दुसऱ्या हाताला भाईंदर-उत्तनचा किनारा ठेवून अरबी समुद्रात उतरते. पाचूबंदर आणि उत्तन येथे आपल्या ख्रिस्ती कोळी बांधवांची मोठी वस्ती आहे. म्हणजे आपल्या मोरीतून निघालेले पाणी जेथे समुद्राला मिळते, तेथे आपलेच धर्मबंधू जाळे लावून उभे असतात. समुद्र आपल्यापासून दूर आहे ही केवळ आपली समजूत आहे. पाण्याला ती ठाऊक नाही.

आता हिवाळ्यातील किनाऱ्याच्या मासेमारीकडे वळू. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीनंतर होड्या समुद्रात उतरतात. पण दर्या खरा निवतो तो दिवाळीच्या सुमारास. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी खारा वारा फिरतो, पाणी शांत होते आणि किनाऱ्याजवळच्या मासेमारीला बहर येतो. या दिवसांतील आपल्या उत्तर कोकणाचे मुख्य जाळे म्हणजे डोल. समुद्राच्या तळात खुंट रोवून शंकूच्या आकाराची ही लांबच लांब पिशवी बांधतात आणि तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. डोल माशाच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीचा ओघ जे आणील ते ती घेते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओघ जोराचा असतो, म्हणून ते दिवस कामाचे. अष्टमीच्या सुमारास भांग येतो, ओघ मंदावतो आणि जाळी विश्रांती घेतात. बापजाद्यांनी चंद्र पाहून बसवलेल्या या पद्धतीत माशालाही महिन्यातून दोनदा उसंत मिळते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी ही सामान्य माणसाची मासळी मुख्यतः याच जाळ्यातून येते.

मासळी किनाऱ्याला लागली की पुढचे काम बायकांचे. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. तो टिकत नाही. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या उंच वलांड्यांवर बांधलेल्या दोऱ्यांवर ते टांगतात. हिवाळ्यातील कोरडी हवा, उन्हाचा ताव आणि वारा यांवर दोनतीन दिवसांत बोंबील खडखडीत वाळतो. जवळा सारवलेल्या अंगणात पसरतात. पावसाळ्यात होड्या वर काढल्यावर कोळ्याच्या घरात जी चूल पेटते, ती या वाळवणावर. आणि आपल्याकडे उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून जी सुक्या बोंबलाची कढी किंवा जवळ्याची चटणी होते, तीही याच वलांडीवरून आलेली असते. हिवाळ्याचे चार महिने हा त्या घराचा वर्षभराचा जमाखर्च आहे.

नेमक्या याच चार महिन्यांत आपल्या नदीची काय अवस्था असते? उल्हास नदीला भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बारमाही आधार आहे. तेच पाणी बदलापुरापासून अडवून, उपसून आपण पितो. वालधुनीला असा कोणताही आधार नाही. तिचे स्वतःचे पाणी पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. डिसेंबर-जानेवारीत तिच्या पात्रात जे वाहते, ते बहुतांशी आपणच सोडलेले असते : घराघरांचे सांडपाणी, कारखान्यांचे रसायन, कापडाचा रंग. पावसाळ्यात पुराच्या लोंढ्याने मळ निदान पातळ होतो. हिवाळ्यात तो घट्ट होऊन खाडीत उतरतो. समुद्राची कापणीची वेळ आणि आपल्या विषाची दाट वेळ एकच असावी, हा निसर्गाचा योगायोग नव्हे. पाऊस थांबला तरी आपण थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर दोन गोष्टींची आठवण द्यावीशी वाटते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन सोडण्यात आले आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो नागरिकांना रुग्णालयात जावे लागले. त्या दिवशी नदीने आपला घास घेतला म्हणून आपण हादरलो. जी रसायने आपल्या नाकात शिरत नाहीत, ती कोणाच्या जाळ्यात शिरतात याची चौकशी मात्र आपण केली नाही. दुसरी गोष्ट पुढच्याच वर्षीची. २०१५ साली ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल येथील नगरसंस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना जबाबदार धरून कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जीन्स धुणाऱ्या आणि रंगविणाऱ्या कारखान्यांवर कारवाई झाली. काही बंद पडले, काही शेजारच्या गावांत गेले. कारखाना गाव बदलतो. पण नव्या गावाचा नालासुद्धा अखेर कोणत्या तरी नदीलाच मिळतो ना?

खाडी हा समुद्राचा पाळणा आहे. कोळंबीची पिल्ले, बोय, जिताडा यांच्यासारखी मासळी खारफुटीच्या मुळांशी, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमावर वाढते. सांडपाण्यातील मळ कुजू लागला की तो पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो आणि पिल्लांचा पाळण्यातच श्वास कोंडतो. जे कुजत नाही त्याचे काय होते, ते डोल सांगते. डोल निवड करीत नाही. ओघ आणील ते घेते. म्हणून आज मासळीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टने आणि चिंध्या जाळ्यात भरतात, जाळे फाटते आणि किनाऱ्यावर बसलेल्या बाईचा वेळ मासळी निवडण्यापेक्षा कचरा वेचण्यात जातो. समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा प्रभू येशूने सांगितलेला दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. त्यात चांगले मासे भांड्यांत भरतात आणि वाईट फेकून देतात. त्या दाखल्यात निदान जाळ्यात येणारे सगळे मासेच होते!

सगळा दोष वालधुनीचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. किनाऱ्याचा पट्टा दुसऱ्या बाजूने, म्हणजे समुद्राकडूनही ओरबाडला जातो. कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्याजवळ ठरावीक खोलीपर्यंत ट्रॉलरना मज्जाव आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी क्षेत्रात पर्ससीन जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. म्हणजे १ जानेवारीपासून ही जाळी राज्याच्या पाण्यातून बाहेर हवीत. प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. २०२१ साली राज्याने १९८१ च्या कायद्यात सुधारणा करून दंड लाखांच्या घरात नेला. २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. कागदावर पाहता जगातील कोणत्याही माशाने आपल्याकडे येऊन सुखाने राहावे!

प्रत्यक्षात काय घडते, हे किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल सांगेल. नियम मोडणाऱ्या नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागतात. अफाट समुद्रावर नजर ठेवायची आणि हाताशी गस्तीनौका मोजक्या! जाळ्याने अख्खा थवा वेढून उचलणारा एका रात्रीत जे नेतो, त्याची भरपाई डोलवाल्याच्या कित्येक उधाणांत होत नाही. कायदा करून त्याचा पहारा न करणे हे कायदा न करण्यापेक्षा वाईट. कारण त्यामुळे नियम पाळणारा मूर्ख ठरतो.

आणि येथे आपल्या कोळी बांधवांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. डोलीच्या शेवटच्या टोकाचे आस अगदी बारीक असतात. जवळा धरायचा तर ते तसे लागतात, हे खरे. परंतु त्याच बारीक आसात बोंबलाची, पापलेटची, इतर माशांची पिल्लेही अडकतात. पिल्लू विकून आज चार पैसे येतात आणि उद्याचा मोठा मासा हातचा जातो. कवींच्या हद्दीवरून वसई-उत्तनचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार एकमेकांशी भांडत राहिले, तर पर्ससीनवाल्याला आणखी काय हवे? शुभवर्तमानकार योहानाने पुनरुत्थानानंतरच्या त्या पहाटेचे वर्णन करताना पेत्राच्या जाळ्यातील मासे मोजले : एकशे त्रेपन्न. आणि ते मोठे होते, हेही नमूद करायला तो विसरला नाही. गालील सरोवराच्या काठचा माणूस होता तो; माशाचा आकार म्हणजे काय, हे त्याला चांगले कळत होते.

आपल्या शहरातील युक्तिवादांचा आता विचार करू. पहिला युक्तिवाद पोटाचा. जीन्सचा धंदा हा कॅम्प पाचचा प्राण आहे. शिवणारे, धुणारे, रंगविणारे, इस्त्री करणारे हजारो हात त्यावर जगतात. त्यांत आपल्या धर्मग्रामातील माणसेही आहेत. माशासाठी माणसाचे पोट मारायचे काय? हा प्रश्न फार टाळ्या घेतो. पण तो चुकीचा मांडलेला आहे. माणूस विरुद्ध मासा असा हा तंटा नाही. एका गरिबाची मजुरी टिकावी म्हणून दुसऱ्या गरिबाची वलांडी रिकामी ठेवावी काय, असा तो आहे. शिवाय पाणी शुद्ध करण्याचा खर्च मजुराने सोसावा असे कोणी म्हणत नाही. तो मालकाने आणि नगरसंस्थेने सोसायचा आहे. तो खर्च आजही कोणीतरी सोसतच आहे. फरक इतकाच की, बिल पाचूबंदरच्या बाईच्या नावावर फाडले जाते आणि तिला त्याबद्दल कोणी विचारलेले नसते. स्वस्त पँट ही खरोखर स्वस्त नाही. तिच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच्या घरातून उचललेला आहे. याला व्यापार म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद हवामानाचा. ऋतूच बदलले, अवेळी पाऊस पडतो, त्याला उल्हासनगरने काय करावे? हेही अर्धसत्य आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या पावसाने ऐन हंगामात वलांड्यांवरची मासळी कुजवली, हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु आभाळ आपल्या हातात नाही, यावरून नाला आपल्या हातात नाही असा निष्कर्ष कसा निघतो? ज्याच्या डोक्यावरचे छप्पर वाऱ्याने उडाले आहे, त्याच्या अंगणात कचरा टाकण्याचा परवाना शेजाऱ्याला मिळत नसतो.

तिसरा युक्तिवाद मौनाचा आहे आणि तोच सर्वांत घातक. ‘नदी, मासळी, खाडी हे कोळ्यांचे प्रश्न, आपण नोकरदार माणसे.’ या मौनाला उत्तर द्यायला आपले सिंधी शेजारीच पुरेसे आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना पल्ल्याची आठवण काढायला सांगा. समुद्रातून सिंधू नदीत चढणारा हा मासा सिंधी माणसाच्या जिव्हाळ्याचा. झुलेलालांच्या चित्रांत ते पल्ला माशांवरच बसलेले दिसतात. १९३२ साली सक्करला आणि १९५५ साली कोटरीला सिंधूवर बंधारे झाले. समुद्राकडून वर येणाऱ्या पल्ल्याची वाट अडली आणि एकेकाळचा तो सुकाळ ओसरत गेला. नदीला जे होते ते समुद्रातल्या माशाला होते, हा धडा आपल्या शहरात दर चौथ्या घराच्या भिंतीवर तसबिरीच्या रूपाने टांगलेला आहे. वाचायचा मात्र राहिला.

न्यायाधिकरणाचा आदेश आला त्याच वर्षी, २०१५ साली, पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे वेगळे काढता येत नाहीत, हा त्याचा गाभा. आपण त्यावर व्याख्याने ठेवली, झाडे लावली, छायाचित्रे काढली. झाडे लावणे चांगलेच. पण वालधुनीच्या काठी राहणाऱ्या ख्रिस्तसभेने वालधुनीबद्दल गप्प राहून लावलेले झाड म्हणजे चौकशी टाळण्यासाठी दिलेली देणगी होय. वसईने वेगळा मार्ग दाखविला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीत सर्व धर्मांची माणसे पाणी आणि जमीन वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरली. फादर २०२४ साली गेले. त्यांना श्रद्धांजली वाहण्याचा खरा अधिकार, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी, आपल्या नाल्यापाशी उभे राहूनच मिळवावा लागेल.

मग करावे काय? केवळ हळहळ पुरेशी नाही. प्रथम, बोटभर पापलेट आणि पिल्लांचे ढीग विकत घेणे बंद करावे. स्वस्त मिळते म्हणून आपण पिल्लू घेतो, तेव्हा कायदा मोडणाऱ्याचे गिऱ्हाईक आपणच असतो. दुसरे, सुकी मासळी हंगामात, शक्य तेथे थेट कोळणीकडून, रास्त दराने घ्यावी. धर्मग्रामातील महिला मंडळांना हे सहज जमण्यासारखे आहे. तिसरे, १ जानेवारीनंतरच्या पर्ससीनबंदीची अंमलबजावणी व्हावी यासाठी किनाऱ्यावरच्या बांधवांच्या निवेदनांवर आपल्याही सह्या असाव्यात. समुद्र न दिसणाऱ्या शहरातून आलेल्या हजार सह्यांचे वजन सरकारदरबारी निराळे पडते. चौथे आणि मुख्य, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारावा : आपल्या प्रभागाचे सांडपाणी कोठे जाते आणि ते शुद्ध होऊन जाते काय? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला रस्त्याच्या डांबरावर मत देऊ नये.

आपल्यातील जे कारखान्याचे मालक, मुकादम किंवा ठेकेदार आहेत, त्यांच्याशी याहून स्पष्ट बोलले पाहिजे. रविवारी मिस्साबलीत पुढच्या बाकावर बसायचे आणि रात्री प्रक्रिया न करता पाणी सोडायचे, ही दोन कामे एका माणसाने करावीत आणि धर्मग्रामाने ती पाहून न पाहिल्यासारखी करावीत, हे यापुढे चालू देता कामा नये. व्यभिचार आणि चोरी यांबद्दल आपला समाज तत्काळ नाक मुरडतो. दुसऱ्याच्या पाण्यात विष सोडणे ही चोरीच आहे. आणि ज्याचे चोरले तो खाडीच्या दुसऱ्या टोकाला राहतो म्हणून ती लहान होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. येत्या उपवासकाळापासून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा, भर सभेत, आपल्या हद्दीतील नाल्याचा हिशेब मांडावा : कोणते पाणी कोठून येते, कोण सोडतो, नगरसंस्थेला किती पत्रे लिहिली, उत्तरे काय आली. आणि त्या सभेला पाचूबंदर-उत्तनच्या चार कोळणींना मानाने बोलावून पुढच्या बाकावर बसवावे. हिशेब त्यांना पटला, तरच तो मंजूर समजावा.